आमचा मनी प्लँट, इथला पोथॉस

मनी प्लँट माहीत नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. गॅलरीतल्या खिळ्याला सुतळीने टांगलेली हॉर्लिक्सची काचेची बाटली, तिच्यात गढूळ पाणी, आणि त्यातून निघून खिडकीच्या गजावरून, ट्यूबलाइटच्या वायरवरून, देवाच्या तसबिरीवरून मजल-दरमजल करत गेलेला वेल. काही घरांत बाटली ओल्ड मंकची असायची, पण मग तिचं लेबल आधी नखाने खरवडून काढलेलं असायचं. बागकामाचा गंध नसलेल्या घरातसुद्धा हा एक वेल असायचाच.

त्यामुळे इथे शिकागोकडे येऊन बस्तान बसलं, पहिलं अपार्टमेंट घेतलं, की पुष्कळ मराठी मंडळी गार्डन सेंटरमध्ये जाऊन विचारतात, "मनी प्लँट आहे का?" आणि घोटाळा होतो. इथे 'मनी ट्री' म्हटलं की खोडांची वेणी घातलेलं पॅकिराचं झाड हातात देतात. 'चायनीज मनी प्लँट' म्हटलं तर नाण्यासारख्या गोल पानांचा पायलिआ मिळतो. एखाद्या जुन्या बागवाल्या बाईंना विचारलं तर त्या लुनारिया नावाचं तिसरंच झाड सांगतात, ज्याच्या वाळलेल्या शेंगा चांदीच्या रुपयासारख्या दिसतात. आणि आपला मनी प्लँट त्याच दुकानात, डोक्यावरच्या आकड्याला, निमूटपणे लटकत असतो. नाव 'पोथॉस'. त्याहून कहर म्हणजे त्याचं दुसरं इंग्रजी नाव, 'डेव्हिल्स आयव्ही'. आपल्याकडची लक्ष्मी इथे थेट सैतानाचा वेल! कारण काय, तर काही केल्या मरत नाही.

हे शेवटचं म्हणणं मात्र अर्धंच खरं आहे. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारी निम्मी मंडळी सांगतात, "अहो, आमच्याकडे मनी प्लँटसुद्धा टिकत नाही." उरलेल्यांची तक्रार वेगळी. वेल जगला, पण आणला तेव्हा पानांवर असलेला तो सोनेरी-पांढरा शिडकावा वर्षभरात नाहीसा झाला, पानं सुपारीएवढी होत गेली, आणि आता कुंडीतून दोन हिरव्या दोऱ्या लोंबतायत. घरात दोन इंजिनियर असल्यामुळे आम्ही या प्रश्नाकडे जरा जास्तच गांभीर्याने पाहिलं. गेल्या पंधरा-सोळा हिवाळ्यांत जे कळलं ते इथे मांडतो आहोत.

आधी थोडी कुळकथा. या वेलाचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरिअम. 'ऑरिअम' म्हणजे सोनेरी. १८८० मध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन झालं तेव्हा त्याला 'पोथॉस' गणात घातलं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला दोन-तीन घरं बदलायला लावली आणि १९६४ मध्ये आत्ताचं नाव कायम झालं, पण दुकानदारांनी पोथॉस सोडलं नाही. मूळ गाव पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या शेजारचं मोऑरिआ हे छोटंसं बेट. म्हणजे भारतातही हा पाहुणाच. नावांचा हा गोंधळ व्हायचं एक कारण असं की झाड ओळखायला फूल लागतं आणि याला फूल जवळजवळ येतच नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी याचं कारण शोधलं. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलात नीट काम करत नाही. बाहेरून ते संप्रेरक फवारलं तर फूल येतं. फूल नाही म्हणजे बी नाही. तेव्हा जगभरातले घरोघरचे मनी प्लँट वाढलेत ते एका कांडीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असे. दादरच्या गॅलरीतला वेल आणि नेपरव्हिलच्या किचनमधला वेल हे फार लांबचे नातेवाईक नाहीत.

आता चितकबऱ्या पानांविषयी. पानाचा जो भाग पांढरा किंवा पिवळा दिसतो तिथे हरितद्रव्य नसतं, किंवा फार थोडं असतं. तो भाग अन्न तयार करत नाही, हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. घरात कमावणारा एक आणि खाणारे चार, असा प्रकार. म्हणून 'मार्बल क्वीन'सारखी जवळजवळ पांढरी पानं असलेली जात सावकाश वाढते आणि तिला साध्या सोनेरी जातीपेक्षा जास्त उजेड लागतो. 'एन-जॉय', 'पर्ल्स अँड जेड' या छोट्या पानांच्या जातींचंही तेच. अलीकडे दुकानांतून 'मंजुळा' नावाची जात दिसते, रुंद, किंचित वळलेली, दुधात हिरवा रंग सांडल्यासारखी पानं. नाव वाचून आम्ही चमकलोच होतो. ही खरोखरच भारतीय माणसाने दिलेली जात आहे. २०१६ च्या अमेरिकन पेटंटमध्ये तिचं नाव 'हंसोती-१४' असं आहे.

उजेड कमी पडला की वेल शहाणपणा करतो. नवीन पानं जास्त हिरवी काढतो, लहान काढतो, आणि दोन पानांमधलं अंतर वाढवून उजेडाच्या शोधात लांब लांब पळतो. आपल्याला वाटतं, वा, काय वाढतोय! प्रत्यक्षात तो उपाशी असतो.

इथेच आपला मुंबई-पुण्याचा हिशेब चुकतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा असतो, शिकागोला जेमतेम ९ तास ८ मिनिटांचा. त्या दिवशी भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो, इथे फक्त २५ अंश. शिवाय आठ-आठ दिवस ढग. आईच्या घरी जो वेल खोलीच्या कोपऱ्यात, टीव्हीवर ठेवून छान वाढत होता, तो इथे सोफ्यामागच्या कोपऱ्यात वाढायचा नाही. बरं, आपला डोळा भारी लबाड आहे. उजेड दहापट कमी झाला तरी डोळा सांभाळून घेतो आणि खोली 'बऱ्यापैकी उजेडाची' वाटते. खिडकीपासून सात-आठ फूट आत गेल्यावर खिडकीजवळच्या उजेडाचा दहावा हिस्सासुद्धा अनेकदा राहत नाही. खात्री करायची असेल तर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर फूटभर अंतरावर हात धरा. सावली पडली, कडा थोड्या धूसर आहेत, तर जागा चांगली. सावलीच पडली नाही, तर तिथे प्लॅस्टिकचा वेल ठेवावा.

आमचा अनुभव असा की पूर्वेची खिडकी बारा महिने उत्तम. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळाभर बेलाशक ठेवावा, कारण सूर्य खाली असल्याने ऊन खोलवर येतं पण कडक नसतं. मे महिन्यापासून मात्र तिथून दोन-तीन फूट मागे घ्यावा किंवा पातळ पडदा लावावा. पश्चिमेच्या जुलैतल्या उन्हात पांढरे भाग आधी करपतात, कागद जळल्यासारखे तपकिरी होतात, आणि ते परत सुधारत नाहीत. उत्तरेची खिडकी साध्या हिरव्या जातीला चालते, मार्बल क्वीनला नाही. ज्यांच्याकडे चांगली खिडकीच नाही त्यांनी साधा पांढरा एलईडी दिवा फूटभर उंचीवर लावून टायमरने बारा तास चालू ठेवावा. महागडे जांभळे दिवे लागत नाहीत. दिवाणखाना जांभळा दिसतो तो वेगळाच.

आणि एखादी फांदी पूर्ण हिरवी झालीच, तर तिला मोहाने ठेवू नये. हिरवी फांदी जास्त कमावते, जोरात वाढते आणि चितकबऱ्या फांदीला मागे टाकते. मागे जात जात जिथे शेवटचं चांगलं रंगीत पान आहे तिथपर्यंत कापावं. त्या पेरातून नवीन फुटवा बहुधा रंगीत येतो.

आता पाणी. या विषयावर आमच्या घरात एक अख्खा हिवाळा गेला.

आई चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सकाळी सात वाजता आम्ही दोघं कामावर, मुलं स्कूलबसमध्ये. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, शेजारी कोणी दिसत नाही. घरातली पाच झाडं हीच त्यांची सोबत. तिकडे अंगणात तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. इथे तुळस हिवाळ्यात गेलेली, म्हणून तो तांब्या रोज मनी प्लँटला. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडून मऊ झाली. आईंनी ते पाहिलं आणि पाणी वाढवलं.

कारण सांगायचं तर असं, की मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत पाणी तुडुंब आणि झाड तहानलेलं. चिपळूणला उन्हात, वाऱ्यावर, मातीच्या कुंडीतून पाणी उडून जातं. इथे प्लॅस्टिकच्या कुंडीत, जानेवारीच्या अंधुक उजेडात, तेच पाणी दहा-दहा दिवस तसंच राहतं. बोट दोन पेरं मातीत खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. पण दिलं की तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावं आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, उन्हाळ्यात सहा-सात दिवसांनी अशी वेळ येते, पण कॅलेंडर बघून नको, माती बघून. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं आणखी सोपं. मनी प्लँट बिचारा सांगतोही. तहान लागली की पानं किंचित लुळी पडतात आणि पाणी दिल्यावर काही तासांत ताठ होतात.

हे सगळं आईंना सांगायचं कसं? "रोज पाणी घालू नका" म्हणणं म्हणजे त्यांच्या हातातलं दिवसभरातलं एकमेव काम काढून घेणं. एक-दोनदा म्हणून पाहिलं, तर त्या दोन दिवस गप्प गप्प होत्या. "तुमच्या घरात मला काही समजत नाही बाई," एवढंच म्हणाल्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचे दिवस इथे कसे जातात हे आपण सगळे जाणतोच. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाने झाडावरून बोलावं, हे आम्हालाही बरं वाटेना.

मग धाकटीच्या शाळेच्या प्रोजेक्टचं निमित्त झालं. तिने आणि आजीने मिळून जुन्या वेलाच्या कांड्या कापून लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांत लावल्या. चौदा बाटल्या! खिडकीत रांग. रोज सकाळी कुठल्या बाटलीत मूळ किती वाढलं ते आजी पट्टीने मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. आठवड्याला पाणी बदलायचं, बाटल्या धुवायच्या, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. कुंडीतल्या पाण्याचा विषय कोणी पुन्हा काढला नाही आणि तांब्याही आपोआप बाटल्यांकडे वळला.

वेलाला खरा धडा मात्र आईंनीच दिला. एक दिवस म्हणाल्या, "अरे, हा वेल लोंबत काय ठेवलायस? मिरीच्या वेलाला आपण पोफळीवर चढवतो ना? वर चढेल तेव्हा पान मोठं होईल." गॅरेजमध्ये मोडक्या झाडूचा दांडा होता. देवाला फोडलेल्या नारळांच्या शेंड्या त्या टाकत नसत. त्या पिंजून दांड्याभोवती सुतळीने बांधल्या, दांडा कुंडीत रोवला, वेल त्याला धरून दिला. आम्ही वाचून पाहिलं तर शास्त्रही हेच सांगतं. खोडातून फुटणाऱ्या हवाई मुळांना ओलसर आधार मिळाला आणि वेल वर जाऊ लागला की पुढचं प्रत्येक पान मोठं होत जातं. लोंबता वेल पानं लहान ठेवतो. कोकणात आंब्याच्या झाडावर चढलेल्या मनी प्लँटची सुपाएवढी, कडांना फाटलेली पानं पाहून तो वेगळाच वेल आहे असं अनेकांना वाटतं. आमच्या दांड्यावरची पानं त्या उन्हाळ्यात तळहाताहून मोठी झाली. लोंबता वेलच आवडत असेल तर हरकत नाही, पण वरून टक्कल पडतं. त्यावर उपाय म्हणजे लांब फांद्या वर्षातून एकदा कापून त्याच कुंडीत खोचणे.

कांडी कापण्यात लोक एकच गोष्ट विसरतात. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर महिनोन् महिने ताजं राहील, कदाचित मूळही फुटेल, पण त्याचा वेल कधी होणार नाही. कांडीला पेर हवं. आमच्यातल्या एकाचं आजोळ सांगलीकडचं, त्यामुळे हे समजवायला फार वेळ लागला नाही. उसाची टिपरी लावतात तसंच, डोळा हवा. पेराच्या खाली बोटभर कापावं, पाण्यात बुडेल ते पान काढून टाकावं. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात, हिवाळ्यात दुप्पट वेळ लागतो. मुळं दोन-तीन इंच झाली की मातीत लावावं. फार उशीर केला तर पाण्यात वाढलेली नाजूक मुळं मातीला लवकर रुळत नाहीत. मातीत तिसरा हिस्सा परलाइट घातला की निचरा चांगला होतो.

हिवाळ्यातल्या बाकीच्या भानगडी थोडक्यात. फर्नेसच्या व्हेंटवर कुंडी नको. पान रात्रभर बर्फाळ काचेला टेकलेलं नको. ५० डिग्री फॅरनहाइटच्या खाली या वेलाला इजा होते. हवा कोरडी असते हे खरं. बाहेरची १४ डिग्रीची हवा अगदी पूर्ण दमट असली तरी घरात येऊन ७० डिग्रीपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १०-१२ टक्क्यांवर येते. स्वयंपाक, आंघोळी यांनी ती थोडी वर चढते इतकंच. पण पानांवर पाणी फवारून काही साधत नाही, पाच मिनिटांत सगळं उडून जातं. मनी प्लँट तसा सोशिक आहे, ह्युमिडिफायर लावायचाच असेल तर मुलांच्या खोकल्यासाठी लावा.

घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याचं पाणी झाडांना नको, त्यात सोडियम असतं. सॉफ्टनरला न जोडलेल्या नळाचं घ्यावं. तांदळाचं धुवण घालायची सवय तिकडच्या उघड्या गॅलरीत ठीक, इथे बंद घरात वास येतो आणि चिलटं होतात. खत एप्रिल ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने. हिवाळ्यात अजिबात नाही. पेराच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा, आठवड्याने पुन्हा बघावं.

डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जाणाऱ्यांनी निघायच्या दिवशी भरपूर पाणी घालून निथळू द्यावं, कुंडी खिडकीपासून दोन फूट मागे घ्यावी आणि थर्मोस्टॅट ६० च्या खाली नेऊ नये. वेल महिना काढतो. येताना तिकडून कांडी मात्र पर्समध्ये घालून आणू नये. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, माती चालत नाही आणि कस्टमला सांगावं लागतं. इथे दुकानात दहा-पंधरा डॉलरला मिळणाऱ्या वेलासाठी एवढा उपद्व्याप कशाला?

लहान मुलं किंवा मांजर असेल त्या घरांनी हे नीट वाचावं. मनी प्लँट अळू आणि सुरणाच्या कुळातला. अळू का खाजतं? पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच यातही असतात. रांगत्या बाळाने पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात, लाळ गळते. तोंड पुसून थंड पाणी द्यावं आणि १-८००-२२२-१२२२ या पॉयझन कंट्रोलच्या नंबरवर विचारावं. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट ९११. मांजरी-कुत्र्यांनाही हा वेल बाधतो. आणि लोंबता वेल म्हणजे मांजराला आमंत्रणच, म्हणून तिथे दांड्यावर चढवलेलाच बरा.

'नासा'च्या हवाला देऊन हा वेल हवा शुद्ध करतो असं सांगितलं जातं, त्याविषयी. १९८९ चा तो प्रयोग झाला हे खरं, पण तो छोट्या बंद पेटीत. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले. नेहमीच्या घरात आपोआप जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांनी करायचं तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त हजार झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. फोडणीचा वास घालवायला खिडकी उघडणं स्वस्त पडतं. वॉशिंग्टन विद्यापीठात २०१८ मध्ये सशाचं एक जनुक घालून क्लोरोफॉर्म आणि बेंझीन शोषणारा पोथॉस तयार केला, ते मात्र आम्हाला फार आवडलं. लक्ष्मीच्या वेलात ससा!

वास्तुशास्त्रवाले आग्नेय दिशा सांगतात. आमच्या आग्नेयेला तळघरात फर्नेस आहे. चोरून आणलेला वेलच फळतो असंही म्हणतात, त्यावर आम्ही काही बोलत नाही.

आईंच्या चौदा बाटल्यांपैकी अकरा कांड्यांना मुळं फुटली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यावं याचा घरात खल चालला होता. दरवर्षीचे स्टीलचे चमचे आणि प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांकडे ढिगाने पडलेले. आई म्हणाल्या, "बाटल्या दे." बाहेर त्या रात्री शून्याच्या खाली गेलं होतं, आणि थंडगार गाडीत पाच मिनिटांत कांडी काळी पडते. म्हणून प्रत्येकीला सांगितलं, गाडी आधी दहा मिनिटं तापवा, बाटलीतलं पाणी ओतून टाका, मुळांना ओला पेपर टॉवेल, त्यावर वर्तमानपत्राचे दोन थर, आणि पुडी पदराच्या आत, कोटाची चेन लावून. तिळगूळ एका हातात, छातीशी वेल, अशा अकरा जणी ड्राइव्हवेवरून बर्फ तुडवत गाड्यांकडे गेल्या. त्यातल्या नऊ जणींकडे वेल अजून आहे, दोघींकडे मांजर.